मध्यावरचा काटा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने अमेरिकेत जाऊन काय पाहावे, याविषयी आमच्या ओळखीच्या मंडळींनी मला पुष्कळ सल्ले दिले होते. कुणी म्हणाले, खोल दऱ्या पाहा. कुणी म्हणाले, हजार हजार वर्षांची झाडे पाहा. ते सारे मी पाहिले नाही असे नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे कॅलिफोर्नियात जे तीन महिने काढले, त्यांत मी सर्वांत अधिक वेळ टक लावून काही पाहिले असेल, तर तो एका लहानशा लाल मोटारीच्या तबकडीतला बोटाच्या पेराएवढा काटा. इंजिन किती तापले आहे ते सांगणारा.

भाचा सॅक्रामेंटोजवळ राहतो. तिथला उन्हाळा आपल्याकडच्या विदर्भाची आठवण करून देणारा. दुपारी चाळिशी गाठली तरी कुणाला त्याचे विशेष वाटत नाही. अशा हवेत या गृहस्थाने पंचेचाळिशी उलटल्यावर १९९१ सालची माझदा घेतली आहे. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही जात प्रथम लोकांपुढे आली. जुन्या इंग्रजी उघड्या मोटारींचे रूप मनात धरून जपान्यांनी ती हिरोशिमात बांधली. बसायला दोनच माणसे, टप मागे लोटून द्यायचा, आणि संध्याकाळी दिवे लावले की पापण्या उघडाव्यात तशी पुढची दोन झाकणे वर येतात. आमची भाचेसून या गाडीला ‘धाकटी’ म्हणते, आणि हा शब्द उच्चारताना तिचा स्वर धाकट्या लेकीविषयी बोलतानाचा नसतो.

या धाकटीला जुलै महिन्यात ताप येऊ लागला.

मोटारीचे इंजिन ही मुळात एक मोठी उधळपट्टी आहे. जाळलेल्या पेट्रोलाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. बाकीचीपैकी साधारण निम्मी धुराबरोबर निघून जाते आणि निम्मी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. ते तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, वारा त्याला निववतो आणि ते पुन्हा कामाला लागते. रेडिएटरच्या तोंडावर दाबाचे झाकण असते. आपल्या कुकरमध्ये असतो जवळजवळ तेवढाच दाब तिथे असतो, आणि म्हणूनच शंभरी ओलांडली तरी आतले पाणी उकळत नाही. (तापलेल्या गाडीचे ते झाकण उघडू नये, हे कुकर वापरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही, गाडी वापरणाऱ्या पुरुषांना मात्र सांगावे लागते.) गाडी वेगात असली म्हणजे वारा आपोआप मिळतो. ती थांबली, की विजेचा पंखा सुरू व्हावा लागतो. म्हणजे पळणाऱ्याला पंख्याची गरज नाही. गरज आहे ती थांबलेल्याला. निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली, तेव्हा या वाक्यापाशी मी जरा रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी.

धाकटीचे दुखणे नेमके थांबल्यावरचे होते. हमरस्त्यावर काटा शहाण्यासारखा मध्याच्या किंचित खाली असे. गावात शिरून तांबड्या दिव्यापाशी उभे राहिलो, की तो चढू लागे. मध्य ओलांडी. आणखी चढे. भाचा गाणे बंद करून कान देई; पंख्याचा आवाज नसे. मग तो निमूटपणे उबाऱ्याचे बटण फिरवी. थंडीत प्रवाशांना ऊब मिळावी म्हणून इंजिनातल्या गरम पाण्यावर चालणारी ती सोय. ती सुरू केली की इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. बाहेर चाळीस अंश, डोक्यावर छप्पर नाही, आणि पायांवर गरम वाऱ्याचा झोत! शेजारच्या मोटारीतली मंडळी काचा लावून गारव्यात बसलेली आमच्याकडे पाहत. गाडीचा ताप आपल्या पायांवर घेणाऱ्या त्या दोघा माणसांविषयी त्यांना काय वाटले असेल कोण जाणे.

मला मात्र त्या काट्याकडे पाहताना दुसरेच काही आठवत असे. निघताना माझ्या बॅगेत मेतकूट होते, लिंबाचे लोणचे होते, आणि एक न सांगण्याची गोष्ट होती.

भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगलीला एकटी राहते. मी निघण्याच्या आधी महिनाभर तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. मूत्रपिंडे थकली आहेत, डॉक्टर म्हणाले. रक्तातले क्रिएटिनिन, जे एकच्या आसपास असावे, ते ३.१ होते. पथ्य, औषधे, आणि पुढेमागे डायलिसिसची तयारी. बाहेर रिक्षात बसल्यावर ताईने माझा हात धरला आणि म्हणाली, “त्याला काही बोलायचं नाही. नोकरी टाकून धावत येईल, आणि येऊन करणार काय?” मी शब्द दिला. दर आठवड्याला, तिकडची शनिवारची रात्र म्हणजे इकडची रविवारची सकाळ, भाचा फोन करी, मी शेजारी बसलेला असे, आणि पलीकडून ठरलेले उत्तर येई: “बरी आहे. तुझं सांग.” आपल्या जुन्या पत्रांत ‘येथील सर्व क्षेम’ हे शब्द असत तसे. पुष्कळदा घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेले असतानाही ते पहिल्या ओळीत येत.

आता या दोन गोष्टींचा संबंध काय, असे कुणी म्हणेल. तो मला भाच्यानेच दाखवला, त्याला कल्पना नसताना.

या मोटारीत दुसरी एक तबकडी आहे, तेलाच्या दाबाची. धाकटीतला तो काटा सदा हलता. इंजिन जोरात फिरले की चढतो, गाडी उभी राहिली की खाली येतो. तेलाचा दाब तसाच वागतो, त्यात आजार काही नाही. परंतु १९९५ पासूनच्या गाड्यांत कारखान्याने एक युक्ती केली. तबकडी तीच ठेवली, काटाही ठेवला, आणि मागचे मोजणारे यंत्र काढून तिथे साधा स्विच बसवला. थोडासा दाब असला की काटा जाऊन मध्यावर उभा राहतो, आणि तिथून हलत नाही. असे का केले? तर हलणारा काटा पाहून धास्तावलेले मालक निरोगी गाड्या घेऊन दुरुस्तीला येत, असे सांगतात. भाचेसुनेच्या नव्या मोटारीत पाण्याच्या उष्णतेचाही काटा याच वळणाचा आहे. इंजिन एकदा तापले की तो मध्यावर येतो. आत दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी तो ढळत नाही. ढळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांची हीच रीत आहे.

“म्हणजे तो खोटं बोलतो?” मी विचारले.

“खोटं नाही, मामा. ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणतो.”

या उत्तराने मी काही दिवस गप्प झालो. सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये, असे आपल्याकडे लहानपणीच शिकवलेले असते. त्या शिकवणीची ही मूर्तिमंत तबकडी! आणि तिच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असेही नाही. प्रत्येक थरथर म्हणजे दुखणे नव्हे. काट्याची भाषा न कळणाऱ्यापुढे खरा काटा ठेवणे म्हणजे त्याला विनाकारण छळणे. ताईची नाडी रोज मोजून तिच्या मुलाला सात समुद्रांपलीकडे तारा करीत बसणे, यात सत्याची सेवा किती आणि क्रौर्य किती?

तरीही एक गोष्ट मला टोचत राहिली. नुसता तांबडा दिवा असता तर माझी तक्रार नव्हती. दिवा मोजण्याचा आव आणत नाही. तो म्हणतो, मी पेटलो तर थांबा. परंतु ज्याच्याखाली रेघा आखल्या आहेत, एका टोकाला थंड आणि दुसऱ्या टोकाला गरम अशी खूण आहे, तो काटा ‘मी मोजतो आहे’ असे वचन देतो. खोटेपणा त्याच्या शब्दांत नसतो, वेषात असतो. द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याची बातमी ऐकली तेव्हा खरेखोटे विचारायला ते दुसऱ्या कुणाकडे न जाता धर्मराजाकडे गेले, कारण हा काटा खरा म्हणून जगात प्रसिद्ध होता. धर्मराज एक शब्द मोठ्याने बोलला आणि दुसरा पुटपुटला. आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. ते असत्य लागू पडले ते त्याच्या आजवरच्या सत्यामुळेच. ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही, त्याला फसवताही येत नाही. दर आठवड्याला फोन ठेवल्यावर भाचा माझ्याकडे वळून विचारी, “मामा, तुम्ही निघालात तेव्हा बरी होती ना?” आणि मी म्हणे, “होती की.” खुर्ची चार अंगुळे खाली गेल्याचे मला तरी जाणवत असे.

एका शनिवारी सकाळी भाच्याने ठरवले की आज निकाल लावायचा. तोवर एका दुरुस्तीवाल्याने पाण्याचे नियमन करणारा थर्मोस्टॅट बदलून झाला होता, दाबाचे झाकण बदलून झाले होते, आणि बिले तेवढी वाढली होती. भाचा म्हणाला, “आता अंदाज नाही. एकेकाची साक्ष घ्यायची.”

या गाडीत उष्णतेचे साक्षीदार तीन. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक. तो काट्याला सांगतो. त्याच्याच शेजारी दुसरा. तो पेट्रोल किती द्यायचे हे ठरवणाऱ्या संगणकाला सांगतो. आणि पुढे, थर्मोस्टॅटच्या घरट्यात बसलेला तिसरा, एक साधा स्विच. पाणी ९७ अंशांच्या आसपास गेले की तो जोडला जातो आणि पंखा फिरू लागतो. तिघेही एकाच घरात राहतात, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याला हा प्रकार अपरिचित नाही.

बॉनेटखाली एक काळी डबी असते. तिच्यातल्या टीएफए आणि जीएनडी अशी अक्षरे असलेल्या दोन भोकांत तारेचा तुकडा अडकवून भाच्याने किल्ली फिरवली. पंखा घुर्रकन फिरू लागला! म्हणजे पंखा निर्दोष, त्याची वायर निर्दोष. त्याला कुणी हाकच मारीत नव्हते. संशय अर्थातच स्विचवर आला. खाली परात धरून भाच्याने तो आटे फिरवून काढला. परातीत पाण्याचा थेंबही पडला नाही, आणि जमीन खराब झाली नाही म्हणून आम्हा दोघांना बरे वाटले. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मग स्वयंपाकघरात खटला उभा राहिला. भाचेसुनेचे लहान पातेले, दिवाळीत पाक करताना ती वापरते तो थर्मामीटर, दोऱ्याला टांगलेला स्विच, आणि त्याला जोडलेला मल्टीमीटर. ती दाराशी उभी राहून हे पाहत होती, “पातेलं नंतर टाकून द्यायचं आहे का मी?” एवढेच तिने विचारले. पाणी ऐंशी झाले, नव्वद झाले. पंच्याण्णव. सत्त्याण्णवाच्या अलीकडे-पलीकडे मीटरने टीं केले. स्विच जोडला गेला. गॅस बंद करून पाणी निवू दिले, तसा तो पुन्हा सुटला. तीनदा केले, तीनदा तेच. साक्षीदार खरा होता.

हे सगळे सॅक्रामेंटोत जमले, कारण ते गाव समुद्रसपाटीला जवळजवळ लागून आहे आणि तिथले पाणी शंभरावर उकळते. पुण्यात ते ९८ लाच उकळते. तिथे ही परीक्षा थोडक्यात निभावली असती. आणि हाच खटला महाबळेश्वरी चालवला असता तर? सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, आणि एकदा उकळू लागले की उघड्या पातेल्यात पुढे तापतच नाही. स्विच मुकाच राहिला असता. आम्ही त्याला खोटा ठरवून फेकून दिले असते, आणि दोष मात्र महाबळेश्वरच्या हवेचा! माणसांची परीक्षा आपण कुठल्या उंचीवर उभे राहून घेतो, हे आपण तरी कुठे पाहतो?

पण मग पंखा का फिरत नव्हता? भाचा पुन्हा गाडीपाशी जाऊन उभा राहिला आणि एकाएकी त्याने माझ्याकडे पाहिले. “मामा, स्विच काढला तेव्हा पाणी यायला हवं होतं.”

खरेच. ज्या घरट्यात तो स्विच बसतो, ते पाण्याने भरलेले असते. बूच काढल्यावर ते वाहायला हवे होते. त्याने थंड रेडिएटरचे झाकण उघडले. आत बोट घातले. बोट कोरडे. शेजारची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली मात्र वरच्या खुणेपर्यंत भरलेली, आणि इतके दिवस प्रत्येकजण तिच्याकडे पाहूनच ‘पाणी ठीक’ म्हणत होता. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकचा रंग उडून ते तपकिरी झाले होते, आणि सांध्यापाशी केसासारखी एक चीर होती. गाडी तापली की तिथून वाफ थोडी थोडी निसटे. निवताना रेडिएटरने बाटलीतले पाणी ओढून घ्यावे, अशी रचना असते. तो आता त्या चिरेतून हवा ओढी. बाटली भरलेली ती भरलेलीच राही. आणि तो बिचारा स्विच हवेच्या पोकळीत बसून, त्याला जे जाणवत होते तेच सांगत होता, की येथे काही विशेष नाही. पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. सगळे पाणी निघून गेले तर काटासुद्धा असाच फसतो. इंजिन जळत असते, आणि त्याला स्पर्श करायला पाणी नसल्यामुळे तो खाली उतरू लागतो.

मी उलट्या बादलीवर बसलो होतो. भाचा हात पुसत म्हणाला, “चूक माझीच. बाटली भरलेली दिसायची म्हणून आत मी पाहिलंच नाही.”

त्याच्या या बोलण्यात दुसरा अर्थ मुळीच नव्हता. अर्थ माझ्याकडे होता. चार वर्षांपूर्वी ताईने फोनवर गुडघा दुखतो म्हणून सांगितले होते. तेव्हा याने इथून तीन डॉक्टरांच्या वेळा घेतल्या, जिन्यावरून वरखाली केल्याबद्दल तिला रागे भरला, शेजाऱ्यांना फोन केले, मलाही दोन शब्द ऐकवले. प्रेमानेच. त्यानंतर तिचा गुडघा पुन्हा कधी दुखला नाही. काटा हलला की मालक घाबराघुबरा होऊन धावतो, म्हणून कारखान्याने काटा खिळवून टाकला. मग खोटे बोलणारा कोण? नुसता तोच, की ज्याला हलता काटा सोसत नाही तोही? आणि मी तिचा शब्द पाळत होतो, तो तिच्या सुखासाठी की पुढचा गोंधळ माझ्या डोळ्यांदेखत होऊ नये म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हाही नीट देता आले नाही, आजही येत नाही. दिलेला शब्द मोडणे पाप आहे असे मी मानत आलो आहे.

मी मोडला. “३.१,” मी म्हणालो, आणि मग कशाचे, कधीचे, ते सारे सांगितले.

तो बराच वेळ बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं.” आणि हत्यारे पेटीत भरू लागला. प्रत्येक पाना त्याच्या त्याच्या खाचेत, आवाज न करता. तो आदळआपट करता तर मला सोपे गेले असते. दुपारी जेवताना तो माझ्याकडे न पाहता वाढत होता. भाचेसुनेला त्याने सांगितले असावे; तिने मला न विचारता ताटात आणखी एक पोळी टाकली, त्यावरून मला ते कळले.

रात्री फोनची वेळ झाली. मी माझ्या खोलीत जायला निघालो, तर तो म्हणाला, “बसा, मामा.” मी बसलो. मला एकच गोष्ट सांगायची होती, ती मी घाईघाईने सांगितली: “तिला ओरडू नकोस.” त्याने मान हलवली.

घंटा वाजली. ताईने उचलला. पाऊस आहे का, दूधवाला येतो का, झाले. मग नेहमीचा प्रश्न, आणि नेहमीचे उत्तर: “मी बरी आहे. तुझं सांग.”

“किती?” तो म्हणाला.

“किती म्हणजे?”

“आई, किती आहे आता?”

पलीकडे शांतता झाली. सांगलीच्या त्या घरातल्या छताच्या पंख्याची घरघर मला इथे ऐकू येत होती. त्याचे एक पाते थोडे वाकले आहे, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. बराच वेळ तेवढेच ऐकू आले.

“मामाने सांगितलं वाटतं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “मागच्या सोमवारी ३.४ आलं. ओरडणार नाहीस ना?”